अणुसंशोधनविषयक वाद, भारतातील

स्वातंत्र्योत्तर भारतात अणुशक्तीच्या संशोधनावर राष्ट्राने किती द्रव्य व मनुष्यबळ खर्चावे, ते कोणाच्या अखत्यारीत असावे आणि त्यातून शस्त्र निर्माण करावे की नाही, या तीन प्रश्नांवर संसदेत, नियतकालिकांत व जाहीर सभांत झालेला मतभेद. त्याचा मुख्य काल १९४८ ते १९६६ हा होय. पुढे शस्त्राच्या प्रश्नाने इतर दोहोंना झाकोळून टाकले. वस्तुतः वादाचे सत्त्व त्या दोन प्रश्नांतच होते.

एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेपुढे अणुशक्ती विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा ब्रिटिश कायद्यात गुप्ततेचे बंधन संरक्षणविषयक संशोधनापुरते मर्यादित असता भारतीय मसुद्यात ते शांततामय संशोधनासही का लागू करावे, अशी हरकत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी घेतली. या दोन उपयोगांमध्ये भेद कसा करावा हे आपणास उमगत नाही, असा खुलासा पंतप्रधान नेहरूंनी केला आणि मसुदा मंजूर झाला. या प्रांजळ उत्तराचा परिणाम दूरगामी होता. कारण भेद करता येत नाही असे एकदा मान्य केले, म्हणजे शस्त्रासाठी योग्य असलेली गुप्तता विजेच्या हिशेबावरही आपोआप पसरते. त्याच वर्षी १० ऑगस्टला अणुशक्ती आयोग स्थापन झाला व होमी भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये निर्माण झालेले स्वतंत्र खाते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, परंतु मुंबईत ठेवण्यात आले.

पहिला मोठा विरोध कलकत्त्याहून झाला. पदार्थविज्ञानवेत्ते मेघनाद साहा १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले होते; १० मे १९५४ रोजी अणुशक्तीवर सभागृहात झालेल्या चर्चेत त्यांनी गुप्ततेच्या कायद्यावर कठोर टीका केली. साहा अणुशक्तीचे विरोधक नव्हते, ही गोष्ट येथे आवर्जून नमूद करावयास हवी. कलकत्त्याची अणुपदार्थविज्ञान संस्था त्यांनीच उभारली होती आणि या कार्यावर अधिक खर्च व्हावा असेच त्यांना वाटे. त्यांचा आग्रह एवढाच होता की, संशोधन विद्यापीठांत रुजावे, प्रशिक्षित माणसे आधी तयार व्हावीत आणि कारभार उघड्यावर चालावा. १९५६ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा विरोध याहून मूलगामी होता. गोव्यात जन्मलेले व पुण्यात राहणारे हे गणिती स्वतः भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, आणि शांतता चळवळीचे प्रकट कार्यकर्तेही होते. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढील व्याख्यानात व अन्य लेखांत त्यांनी जो विचार मांडला, त्याचे मर्म असे की, ज्या देशात वर्षाचे बहुतेक दिवस स्वच्छ ऊन पडते, जेथे लोकवस्ती लक्षावधी खेड्यांत विखुरलेली आहे आणि भांडवल दुर्मिळ आहे, त्या देशाने प्रचंड, खर्चिक व एकाच ठिकाणी केंद्रित होणाऱ्या अणुवीजकेंद्रांपेक्षा सूर्यशक्तीच्या संशोधनाकडे प्रथम वळावे. किरणोत्सर्गाचा जीवसृष्टीवर होणारा परिणाम ही त्यांची दुसरी चिंता होती. त्या काळी सौर साधने अत्यंत प्राथमिक अवस्थेत होती, हे खरे. तथापि एखादे साधन अपक्व असणे हे त्याच्या संशोधनावर खर्च न करण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण अणुभट्टीही तेव्हा अपक्वच होती. कोसंबींचा हा युक्तिवाद खोडून काढण्याची गरज कोणास भासली नाही. खर्चाची तरतूद ठरलेल्या मार्गाने होत राहिली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. त्याच वर्षी १९४८ च्या कायद्याची जागा नव्या अणुशक्ती अधिनियमाने घेतली व गुप्ततेची कलमे कायम राहिली.

सरकारला जनतेशी मोकळेपणाने बोलता येतच नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंग कोठारी यांनी सिद्ध केलेला अणुस्फोटांच्या परिणामांवरील ग्रंथ १९५६ मध्ये सरकारनेच, नेहरूंच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध केला होता. बॉम्बच्या भीषणतेविषयी असा स्पष्टपणा दाखविणाऱ्या राज्यकर्त्यांनी संशोधनाच्या अग्रक्रमाविषयी तो दाखविला असता, तर साहा व कोसंबी यांना योग्य ते उत्तर मिळाले असते.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला आणि १९६२ च्या युद्धात त्याच चीनकडून झालेल्या पराभवाने आधीच व्यथित झालेल्या देशात वादाचे स्वरूप पालटले. २४ ऑक्टोबरला आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी परदेशी आकड्यांच्या आधारे पन्नास बॉम्बांचा खर्च दहा कोटी रुपयांहून कमी येईल असे सांगितले. याच भाषणात त्यांनी निःशस्त्रीकरणाचाही पुरस्कार केला होता, परंतु लोकांच्या ध्यानात राहिला तो आकडा. अणुभट्ट्या, प्लुटोनियमचा कारखाना, विमाने व क्षेपणास्त्रे यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. जनसंघाने बॉम्बची मागणी केली. राजगोपालाचारी व कृष्ण मेनन हे राजकारणातील प्रतिस्पर्धी तिला एकाच वेळी विरोध करते झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी शस्त्रनिर्मितीस नकार दिला, पण शांततामय भूमिगत स्फोटाच्या पूर्वतयारीस मुभा दिली.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री व भाभा दोघेही दिवंगत झाले, आणि कोसंबी त्याच वर्षी जूनमध्ये. भाभांचे उत्तराधिकारी विक्रम साराभाई यांनी पद स्वीकारताच, बॉम्बमागे संपूर्ण औद्योगिक व संरक्षणव्यवस्था उभी करावी लागते, तिच्यावाचून नुसता बॉम्ब निरुपयोगी होय, असे जाहीर केले. खर्चाचा समग्र हिशेब मागणारा आवाज प्रथमच आयोगाच्या आतून उठला. मात्र १९७१ च्या डिसेंबरात साराभाईही गेले. भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे केलेल्या अणुस्फोटाचा निर्णय पंतप्रधान इंदिरा गांधी व त्यांचे मोजके सल्लागार यांच्यापुरताच राहिला. संसदेत तो आधी चर्चेला आला नव्हता.