शजरा, फेरफार आणि कर्नेल

अब्बांच्या इंतकालानंतर पुणतांब्याच्या आमच्या जमिनीला वारस लावायचे होते. अर्ज मी लिहिला. त्यात आपाचं नाव नव्हतं. राहून गेलं की राहू दिलं, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. तलाठ्यांनी गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला, चावडीवर नोटीस लागली. पंधरा दिवसांच्या आत आपाने हरकत घेतली आणि मंडळ अधिकाऱ्यांची सही होण्याआधी तिचं नाव चढलं. सातबारा काही शेतात जाऊन बघत नाही. लिहिलं ते खरं.

हे पुन्हा आठवलं ते संगणकाच्या इतिहासातलं एक प्रकरण वाचताना.

कर्नेल (फौजेतला नव्हे) म्हणजे संगणकाच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम. मेमरीपासून कीबोर्डपर्यंत सगळं त्याच्या ताब्यात. पण कोणता भाग कुठे जोडलाय हे त्याला अनेकदा आपणहून कळत नाही, सांगावं लागतं. सांगायच्या एका पद्धतीला डिव्हाइस ट्री म्हणतात. मी वर्गात त्याला शजरा म्हणतो: मूळ, फांद्या, कोण कुणाच्या पोटी. सन कंपनीच्या यंत्रांतून आलेली ही कल्पना १९९४ साली आयईईई १२७५ या मानकात बसली, पुढे पॉवरपीसीवरच्या लिनक्सने उचलली. आर्म चिपांच्या बोर्डांचं वर्णन मात्र कर्नेलच्या कोडमध्येच लिहिलं जाई. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर वैतागले, तेव्हा आर्मवालेही शजऱ्याकडे वळले.

शजरा यंत्र सुरू होताना वाचला जातो. पण बीगलबोन नावाच्या छोट्या बोर्डावर वरून ‘केप’ म्हणजे जादा पट्टी बसवता येते. तिची नोंद कशी करायची? यासाठी पँटेलिस अँटोनिऊ यांनी ओव्हरले लिहिले; फेब्रुवारी २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत ते आले. हा फेरफारच: मूळ फाइल तशीच, चालू शजऱ्यावर नवी नोंद, आणि ती काढताही येते. मात्र एका फोल्डरात फाइल टाकली की नोंद चढावी, ही त्यांची पुढची सोय मुख्य कर्नेलने घेतली नाही. रास्पबेरी पायवाल्यांनी ती आपल्या कर्नेलमध्ये ठेवली.

अशी सोय नाकारणं मला आधी सरकारी हट्ट वाटला होता. मग लॅपटॉपची गोष्ट वाचली. तिथे शजऱ्याच्या जागी एसीपीआय नावाचे तक्ते असतात, आणि २०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून तेही अशाच फोल्डरातून चालू यंत्रात टाकता येऊ लागले. २०१९ मध्ये ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ आलं: यंत्राच्या मालकालाही, म्हणजे रूटलाही, कर्नेलला हात लावता येऊ नये. पण एसीपीआय तक्त्यात नुसतं वर्णन नसतं, कर्नेलने चालवायचा छोटा कोडही असतो, आणि त्यातून मेमरीत हवं तिथे लिहिता येतं. जून २०२० मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी दाखवून दिलं की बनावट तक्ता टाकून रूट हे कुलूपच काढू शकतो.

दुरुस्ती ५.७.७ मध्ये आली. तक्ता घेण्याआधी लॉकडाउन लागू आहे का, एवढं तपासायचं. काही ओळींचं काम. बाकीचे दरवाजे बंद करताना हा एक राहून गेला होता.