लाकडाची नऊ मजली इमारत

स्मरणिका समितीने "काका, इतिहासावर काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा त्यांना आपल्या सोसायटीचा इतिहास अभिप्रेत असावा. टँकरचे दिवस, पहिली सर्वसाधारण सभा, लिफ्ट बसेपर्यंतची दीड वर्षं, हे सगळं आपल्या माजी सचिवांनी याच अंकात माझ्याहून चांगलं लिहिलं आहे. म्हणून मी जरा लांबचा इतिहास सांगतो. आहे मात्र घरांचाच, आणि शेवटी तो आपल्या जिन्यापर्यंत येतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका वाड्यात झाला. सागवानी खांब, डोक्यावर कडीपाट, पावसाळ्यात कुरकुरणारा जिना. आजीचा एकच धाक असे, दिवा सांभाळा. पुढे बँकेत लागलो आणि गृहकर्जाच्या फायली हाताखालून जाऊ लागल्या. मूल्यांकन अहवालात "आर.सी.सी." दिसलं की मन निश्चिंत व्हायचं, आणि "लाकडी" दिसलं की पेन थांबायचं. लाकूड म्हणजे वाळवी आणि आग, सिमेंट म्हणजे भरवसा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

२०१९ साली मुलीकडे लंडनला गेलो होतो. ती मला हॅक्नी भागातल्या मरे ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर घेऊन गेली आणि एका करड्या-पांढऱ्या नऊ मजली इमारतीसमोर उभी राहिली. "बाबा, ओळखा, कशाची आहे?" मी म्हटलं, "सिमेंटची, दुसरी कशाची असणार?" ती हसली. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठही मजले लाकडाचे! भिंती, स्लॅब, जिना, इतकंच काय, लिफ्टचा उभा खांबा, म्हणजे शाफ्टसुद्धा लाकडाचा. माझा विश्वास बसेना. घरी येऊन वाचायला बसलो.

याच लंडनने एकेकाळी लाकडाचा धसका घेतला होता. सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत १३ हजारांवर घरं जळाली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात. आपल्याकडे शनिवारवाड्याचं १८२८ साली काय झालं, ते पुणेकरांना सांगायला नको.

मग साडेतीनशे वर्षांनी त्याच शहरात लाकडाचे मजले चढले कसे? याचं श्रेय बऱ्याच अंशी वॉ थिसलटन या आर्किटेक्ट कंपनीकडे जातं. अँड्र्यू वॉ आणि अँथनी थिसलटन या दोघांनी ती १९९७ साली लंडनमध्ये सुरू केली. त्यांनी वापरलेली वस्तू मात्र ऑस्ट्रिया-जर्मनीकडची. तिकडे १९९० च्या दशकात, विशेषतः ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधनातून, एक नवं लाकूड तयार झालं. स्प्रूस झाडाच्या फळ्या वाळवायच्या, एक थर उभा तर पुढचा आडवा असे तीन, पाच, सात थर डिंकाने चिकटवून दाबायचे. त्याला सी.एल.टी. म्हणतात. आपलं प्लायवूड आठवा, फक्त तळहाताएवढं किंवा त्याहूनही जाड. थर आडवे-उभे असल्याने ते सहसा वाकत-फुगत नाही आणि अख्खी भिंत म्हणून भार उचलतं. खिडक्या-दारांची भोकं कारखान्यातच यंत्राने कापून येतात.

मरे ग्रोव्हची इमारत २००९ साली पूर्ण झाली. एकूण २९ सदनिका, काही विक्रीच्या, काही परवडणाऱ्या घरांच्या योजनेतल्या. लाकडाचे आठ मजले चार सुतारांनी २७ कामाच्या दिवसांत उभे केले! भिंती उभ्या करायच्या, त्यांवर स्लॅबचं पॅनेल ठेवायचं, लोखंडी कोन आणि स्क्रूने आवळायचं, की पुढचा मजला. ना सेंटरिंग, ना क्युरिंग. आपल्या इमारतीचा एकेक स्लॅब पडताना पाणी मारत घालवलेले दिवस ज्यांना आठवतात, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन लाकडात अडकून राहतो, हा आणखी एक फायदा. सिमेंट तयार होताना मात्र कार्बन वायू बाहेर पडतो.

२०१७ मध्ये याच कंपनीची डॉल्स्टन वर्क्स ही इमारत तयार झाली. दहा मजले, १२१ सदनिका. लाकडाचं वजन काँक्रीटच्या मानाने फारच कमी, म्हणून त्या जागेवर जास्त घरं बसवता आली.

आणि आग? माझाही पहिला प्रश्न तोच होता. पातळ फळी भसकन पेटते, पण जाड ओंडका बाहेरून हळूहळू कोळसा होत जातो. मिनिटाला पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमी. तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाचं काही काळ रक्षण करतो. त्या हिशेबाने जाडी वाढवतात आणि आतून जिप्समचे बोर्ड लावतात. माझी आजी चुलीत ओंडका सरकवताना हेच रोज बघत होती. आम्ही शिकलेल्यांनी लक्ष दिलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजने पेट घेतला. ७२ माणसं गेली. ही २४ मजली इमारत लाकडाची नव्हती, चांगली काँक्रीटची होती. वर्षभरापूर्वीच दुरुस्ती करून तिला बाहेरून नवे चकचकीत पत्रे बसवले होते. वरून ॲल्युमिनियम, पोटात प्लॅस्टिक. आग त्यावरून वर चढली. सुरक्षेबद्दल रहिवासी कित्येक वर्षं तक्रारी करत होते, त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही.

२०१८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये नियम आला, की १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारं साहित्य नको. त्या सरसकट नियमात जाड लाकडाच्या भिंतीही आल्या. म्हणजे मरे ग्रोव्हची इमारत आज तिथे त्याच पद्धतीने बांधता येणार नाही. वॉ थिसलटनने पुढे शोरडिचमध्ये ब्लॅक अँड व्हाइट बिल्डिंग ही लाकडी सांगाड्याची इमारत उभी केली, पण ती कचेऱ्यांसाठी. त्या नियमाला मी नावं ठेवणार नाही. ७२ माणसं गेल्यावर सरकार सावध होणारच. तरी मनात येतंच, की सिमेंटच्या इमारतीतल्या हलगर्जीची शिक्षा लाकडालाही भोगावी लागली.

बँकेत आम्हाला शिकवलं होतं, तारण कितीही भक्कम असो, अधूनमधून स्वतः जाऊन बघून यायचं. घराच्या बाबतीत मात्र मी "आर.सी.सी." हे शब्द वाचून आयुष्यभर निश्चिंत राहिलो. कबूल करतो, गेल्या वार्षिक सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांत मीही होतो. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं, असं आपले उपविधीच सांगतात. आपली इमारत पंचवीसची झाली. गच्चीच्या गळतीचा अर्ज तिसऱ्यांदा देणाऱ्या वहिनींना आपण "कटकट" म्हणतो, तेही आता बंद करू या.

येत्या सभेत ऑडिटचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. आणि सभेची वाट न बघता एक काम या रविवारीच करू. जिन्यातल्या जुन्या सायकली, कपाटं आणि रद्दीचे गठ्ठे हलवू. तिसऱ्या मजल्यावरचं कपाट माझंच आहे. सागवानी आहे, पण जाईल.