आधार आणि अधिकार

दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शाळा, महाविद्यालये आणि शिष्यवृत्त्या मोजतो. त्या विद्यार्थ्यांना वाट कोणी दाखवली आणि संस्थेच्या कारभारात त्यांना बोलायला जागा होती काय, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते तोच मुळाचा प्रश्न आहे.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या यांचा खर्च सभेने उचलला. नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. एवढे कोणीही दयाळू सुधारक करील. परंतु याच वसतिगृहातील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर वर्ज्य होते, ती हायस्कुलातील पोरे मासिक काढीत होती. भाकरी देणे आणि लेखणी हाती देणे यांतला फरक तो हाच.

हे सूत्र पुढेही तुटले नाही. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरे. जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदेमंत्री विद्यार्थ्यांच्या सभेपुढे उभा राहून आपल्या विधेयकाची बाजू मांडतो, तेव्हा तो त्यांना आश्रित समजत नाही, नागरिक समजतो. त्याच १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत सोसायटीचे दुसरे महाविद्यालय निघाले, तेच पुढे ‘मिलिंद’ झाले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर उभे केले आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. मार्गदर्शन म्हणजे केवळ उपदेश नव्हे, हे या माणसांनी ओळखले होते.

मिलिंदमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २००६ साली एक समिती नेमली गेली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी वागणूक तिने तपासायची होती. समितीने प्रश्न थेट त्या विद्यार्थ्यांनाच विचारले. शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही, असे त्यांपैकी शेकडा ६९ जणांनी सांगितले. २००७ च्या अहवालाने जादा शिकवणीची आणि समान संधी कार्यालयाची शिफारस केली. ‘ही मुले मागे का पडतात?’ असे विचारणाऱ्या प्रस्थापितांना ‘तुम्ही त्यांना पुढे का येऊ देत नाही?’ असा उलट प्रश्न या संशोधनाने टाकला. राखीव जागा दार उघडते. आत आलेल्याला बसायला कोण सांगणार?

आमच्या महाराष्ट्रात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर राहण्या-जेवण्याचे पैसे जमा होतात. ते हक्काचे आहेत आणि वेळेवर मिळालेच पाहिजेत. पण खोलीच्या भाड्याबरोबर वरच्या वर्गातला, अर्ज भरून देणारा, ‘घाबरू नकोस’ म्हणणारा सोबती मिळत नाही. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. कोणता विषय घ्यावा हे विचारायला माझ्या घरी माणूस नव्हता. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या अनेकांच्या घरीही तो नाही. त्यांची हुशारी कमी नाही. त्यांना विचारायला जागा नाही.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : आपापल्या महाविद्यालयात पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना विचारा, त्यांची उत्तरे लिहून ठेवा आणि त्यांच्यासाठी जी समिती नेमाल तिच्यात त्यांना मतासह बसवा. ज्या मदतीत घेणाऱ्याला मत नाही, ती मदत दानच राहते. आणि दानावर जगण्यास नकार देण्यापासूनच तर आपल्या चळवळीचा आरंभ झाला.