ज्या रेषेने मोटार घडते, ती रेषा कोणाची?

एखादी जुनी मोटार संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब घडवणे हा आज जगभर पसरलेला छंद आहे. बंपरच्या क्रोमपासून चाकाच्या नटांपर्यंत सारे काही घडवायचे, तेही अशा मोटारीसाठी जी रस्त्यावर एक इंचही धावणार नाही. या छंदात पडणाऱ्याच्या हाती अगदी आरंभी एक वक्ररेषा येते. तिच्या दोन टोकांना दोन बिंदू असतात आणि रेषेच्या बाहेर दोन दांडे. दांडा ओढला की रेषा वाकते. सारे जग तिला ‘बेझिए कर्व्ह’ म्हणते.

ही रेषा चित्रकारांसाठी शोधलेली नव्हती. ती मोटारीच्या कारखान्यात, खऱ्या पत्र्यासाठी जन्मली. आणि ज्याचे नाव तिला लाभले, तो तिच्यापर्यंत पोहोचलेला पहिला माणूस नव्हता. हा थ्रेड त्या रेषेविषयी आणि ती वापरून मोटारी घडवणाऱ्यांच्या अवजारांविषयी.

आधी १९५० च्या दशकातील कारखाना डोळ्यांसमोर आणावा लागेल. मोटारीचे रूप ठरवणारा कलावंत चित्र काढी, मग मातीची किंवा प्लास्टरची प्रतिकृती करी. तिच्यावरून फर्मे कापले जात, फर्म्यांवरून लाकडाचा मूळ नमुना घडे आणि त्यावरून पत्रा दाबण्याचे पोलादी साचे तयार होत. प्रत्येक टप्प्यावर माणूस बदले, हात बदले आणि आकार किंचित सरके. चित्रातले मडगार्ड, लाकडातले मडगार्ड आणि साच्यातले मडगार्ड ही तीन वेगळी मडगार्डे असत. मग नेमके बरोबर कोणते, यावर वाद होई.

सरळ रेषा आणि वर्तुळ आकड्यांत सांगता येते. बॉनेटचा उतार कसा सांगायचा? जहाजबांधणीत यावर जुना तोडगा होता. लाकडाची लवचीक पट्टी वाकवायची, ठिकठिकाणी वजने ठेवून ती स्थिर करायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. तोडगा सुंदर होता, परंतु पट्टीचा आकार तारेने दुसऱ्या गावी कळवता येत नसे. दरम्यान आकड्यांच्या आज्ञेवर धातू कापणारी यंत्रे कारखान्यांत येऊ लागली होती. यंत्राला पट्टी समजत नाही. त्याला आकडे लागतात.

१९५८ साली सिट्रोएन कंपनीत एक तरुण फ्रेंच गणितज्ञ रुजू झाला. त्याचे नाव पॉल द कास्तलझो, वय अठ्ठावीसच्या आत. तीनच वर्षांपूर्वी याच कंपनीने ‘डीएस’ ही मोटार आणून पॅरिसच्या प्रदर्शनात खळबळ उडवली होती. तिच्या देहावर सपाट भाग शोधूनही सापडत नाही. असे आकार आकड्यांत कसे बसवायचे, हा प्रश्न कास्तलझोसमोर होता.

१९५९ साली त्याने लिहून काढलेले उत्तर आजही शाळकरी मुलाला पट्टी आणि पेन्सिल घेऊन पडताळता येते. कागदावर अ, ब, क, ड असे चार बिंदू घ्यावेत आणि ते क्रमाने जोडावेत. तीन रेघा मिळतात. प्रत्येक रेघेचा मध्य घ्यावा. हे तीन मध्य जोडले की दोन रेघा होतात. त्यांचे मध्य घ्यावेत. उरलेले दोन बिंदू जोडून त्या एकमेव रेघेचाही मध्य घ्यावा. तो अखेरचा बिंदू वक्ररेषेवर असतो. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक-तृतीयांश अंतर घेतले की दुसरा बिंदू, एक-चतुर्थांश घेतले की तिसरा. असे पुष्कळ बिंदू घेतले की अ पासून ड पर्यंत जाणारी गुळगुळीत रेषा उमटते. ब आणि क यांना ती सहसा स्पर्शही करत नाही, पण त्यांच्याकडे ओढली जाते. पडद्यावरचे ते दोन दांडे म्हणजे हेच ब आणि क.

गणिताच्या दृष्टीने पाहता या रेषेमागे सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ साली मांडलेल्या बहुपदी आहेत. पण त्या बहुपदी मोटारीच्या पत्र्याला उपयोगी पडतील हे जाणणे ही कास्तलझोची करामत होती.

आणि सिट्रोएनने ती कुलूपबंद केली. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून अहवाल कंपनीबाहेर गेला नाही. ज्याने शोध लावला, त्याला त्याविषयी जाहीरपणे बोलण्याची सोय राहिली नाही.

त्याच फ्रान्समध्ये रेनो कंपनीत पिएर बेझिए हा अभियंता होता. जन्म १९१०, रेनोत १९३३ पासून. वयाने वडीलधारा आणि मूळचा यंत्रांचा माणूस. साचे आणि नमुने यांच्यातील भांडणे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेली. १९६० च्या सुमारास त्याने स्वतंत्रपणे याच प्रश्नाला हात घातला. त्याची वाट निराळी होती. एका घनाच्या आत एक वक्ररेषा आहे अशी कल्पना करायची; घन ताणला, तिरका केला की आतली रेषाही त्यासोबत बदलते. मग रेषेला हात न लावता घनालाच वाकवायचे. या कल्पनेतून ‘युनिसर्फ’ ही रेनोची संगणकीय प्रणाली उभी राहिली.

बेझिएने आपले काम प्रसिद्ध केले. लेख लिहिले, पुस्तक लिहिले. ब्रिटिश संशोधक रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवले की बेझिएची रेषा बर्नस्टाइनच्या बहुपदींतूनही लिहिता येते. म्हणजे वाटा दोन, रेषा तीच. तोवर नाव मात्र रूढ झाले होते. पुढे जर्मन गणितज्ञ वोल्फगांग ब्योम यांच्या हाती सिट्रोएनचे जुने अहवाल आले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्या बिंदू-जोडणीच्या कृतीला कास्तलझोचे नाव दिले. आज वाटणी अशी आहे: रेषा बेझिएची, ती काढण्याची रीत कास्तलझोची.

सिट्रोएनला या गुप्ततेतून काय मिळाले? शेजारच्या कारखान्याने काही वर्षांत तेच स्वतःच्या बळावर शोधले, त्यामुळे स्पर्धेतला लाभ अल्पकाळच टिकला असणार. हानी एका माणसाच्या वाट्याला आली. बेझिएचा मोठेपणा असा की त्याने हे स्वतः नोंदवून ठेवले. सिट्रोएनच्या धोरणामुळे एका श्रेष्ठ गणितज्ञाला त्याच्या हक्काच्या कीर्तीला मुकावे लागले, असे त्याने स्पष्ट मान्य केले. २०१२ साली सॉलिड मॉडेलिंग असोसिएशनने कास्तलझोचा गौरव केला. त्या पुरस्काराचे नाव ‘बेझिए पुरस्कार’! २०२२ साली कास्तलझोचे निधन झाले.

(ही रेषा मोटारीपुरती राहिली नाही. अडोबीने १९८० च्या दशकात छपाईसाठी आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत ती होती. आज फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या देवनागरी अक्षरांच्या वेलांट्याही याच कुळातील वक्रांनी आखलेल्या असतात.)

रेषा मिळाली, तिच्यापासून पृष्ठभागही विणता आला. पण मोटार डोळ्यांना मोटार वाटते ती तिच्यावर पडणाऱ्या उजेडामुळे. उजेडाचा हिशेब फ्रान्समध्ये नव्हे, तर अमेरिकेतील युटा विद्यापीठात जमला.

१९७२ साली तेथे आयव्हन सदरलंड यांच्या वर्गाने एक खरी मोटार संगणकात उतरवायचे ठरवले. मोटार होती फोक्सवॅगन बीटल, सदरलंड यांच्या पत्नी मार्शा यांची. विद्यार्थ्यांनी तिच्या पत्र्यावर रंगाने बिंदू आणि रेघा आखून तिचे बहुभुजांचे जाळे केले आणि मोजपट्ट्या घेऊन एकेका बिंदूचे स्थान टिपले. आज हौशी माणूस तासभरात जे जाळे माऊसने काढतो, त्याचा हा पूर्वज.

त्या कामात बुई तुओंग फोंग हा व्हिएतनामी विद्यार्थी होता. त्याआधी आंरी गुरो याने त्याच विद्यापीठात १९७१ साली बहुभुजांच्या कडा लपवण्याची युक्ती काढली होती. प्रत्येक कोपऱ्यावरील उजेड मोजायचा आणि मधल्या भागात तो हळूहळू मिसळायचा. कडा लपत, पण चकाकी हरवे, कारण चकाकी बहुभुजाच्या मध्यावर पडली तर कोपऱ्यांना तिची खबरच नसे. फोंगने उजेड न मिसळता पृष्ठभागाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ती दिशाच मिसळली आणि उजेडाचा हिशेब प्रत्येक ठिपक्यावर नव्याने केला. मोटारीच्या रंगावर जो पांढरा, तकतकीत ठिपका दिसतो, तो संगणकाला असा गवसला.

फोंगचा प्रबंध १९७३ चा, प्रसिद्ध लेख १९७५ चा, आणि त्याच वर्षी त्याचे अकाली निधन झाले. त्याच्या नावाचेही विचित्रच झाले. व्हिएतनामी रिवाजात आडनाव आधी येते. त्याचे आडनाव बुई. जगाने त्याच्या शोधाला ‘फोंग शेडिंग’ म्हटले, म्हणजे न्यूटनच्या नियमांना ‘आयझॅकचे नियम’ म्हणावे तसे.

तरीही क्रोमचा बंपर जमत नव्हता. क्रोमला स्वतःचे रूप जवळजवळ नसतेच. भोवतालचे जग तेच त्याचे रूप. १९७६ साली जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी भोवतालचे चित्र वस्तूवर प्रतिबिंबासारखे चढवण्याची रीत दिली. १९९८ साली पॉल डेबेव्हेक यांनी पुढचा टप्पा गाठला. चकचकीत गोळ्यात उमटलेल्या खऱ्या जागेची छायाचित्रे वेगवेगळ्या उजेडमात्रांवर घ्यायची आणि त्यांतून त्या जागेचा प्रकाशच साठवायचा. तो प्रकाश मग कल्पित वस्तूवर पाडता येतो. संध्याकाळच्या आकाशाखाली उभी असलेली, कधीच अस्तित्वात नसलेली मोटार हे त्याचेच फळ.

आकार घडवण्याची रीतही बदलली. बीटल मोजणाऱ्यांपैकी जिम क्लार्क याने एड कॅटमल याच्यासह १९७८ साली एक पद्धत मांडली. ओबडधोबड पिंजरा घ्यायचा. त्याचा प्रत्येक चौकोन चार तुकड्यांत फोडायचा आणि बिंदू सरासरीच्या जागी सरकवायचे. हे पुन्हापुन्हा केले की पिंजऱ्यातून गुळगुळीत देह बाहेर येतो. मूळ क्रिया येथेही सरासरीची, कास्तलझोच्या पेन्सिलीशी नाते सांगणारी. आजच्या छांदिष्टांतील बहुतेक जण बॉनेट आणि दरवाजे याच पद्धतीने घडवतात.

ही सारी विद्या प्रदीर्घ काळ महागड्या यंत्रांत अडकून होती. ती घरोघरी येण्यात ‘ब्लेंडर’चा वाटा मोठा आहे. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी तो घडवला. २००२ साली त्यामागची कंपनी बुडाली, तेव्हा त्यांनी गुंतवणूकदारांकडून तो सोडवण्यासाठी लोकांकडे १,००,००० युरो मागितले. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरची संहिता सर्वांसाठी खुली झाली. कपाटात ठेवलेल्या १९५९ च्या अहवालाच्या शेजारी ही तारीख ठेवून पाहावी.

आता या छंदातील खरे काम कोठे असते ते पाहू. पुढून, मागून, बाजूने आणि वरून काढलेले नकाशे पार्श्वभूमीला लावतात, अर्धी मोटार घडवतात, उरलेली अर्धी आरशासारखी उमटते. इथवर सोपे. मग कळते की चार नकाशे एकमेकांशी जुळतच नाहीत. बाजूच्या नकाशातली काच आणि समोरच्या नकाशातली काच वेगवेगळ्या उंचीवर संपतात. चित्र, नमुना आणि साचा यांचे जुने भांडण असे घरात येते.

निकाल प्रतिबिंब देते. मोटारीवर काळे-पांढरे पट्टे पाडून पाहतात. पट्टे सलग वाहिले तर पत्रा खरा. कोठे मोडले तर तेथे पोक आहे किंवा खड्डा. कारखान्यांतही तयार गाडी दिव्यांच्या रांगांखाली उभी करून प्रतिबिंबातच दोष शोधतात. दोन पृष्ठभाग नुसते चिकटून चालत नाहीत. त्यांचा बाकही जोडावर सारखा असावा लागतो. डोळा हे जाणतो, भले त्या डोळ्याला गणित येत नसो.

जगप्रसिद्ध मोटारींचे नकाशे सहज मिळतात. मुंबईकराला आपली टॅक्सी घडवायची झाली तर अडचण येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात बने. तिचा देह फियाट ११०० चा, म्हणून इटालियन नकाशे बरेच पुढपर्यंत नेतात. पण टॅक्सीचा काळा-पिवळा रंग, टपावरचे कॅरिअर आणि डाव्या बाजूस बाहेर बसवलेला यांत्रिक मीटर त्या नकाशांत नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून गेली. आता कोठे एखादी उभी दिसलीच, तर टेप घेऊन तो मीटर, त्याचा दांडा आणि बॉनेटच्या कडेपासून त्याचे अंतर मोजावे लागते, युटातील विद्यार्थ्यांनी बीटल मोजली तसेच.