जुनी तबकडी आणि तिची नवी आवृत्ती

शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण सर्व जाणताच. ग्रंथ मुळात शुद्धच होता. परंतु नकलांवर नकला होत गेल्या आणि पाठांतरे शिरली. नाथांनी स्वतःची भर घातली नाही. मूळ काय होते, एवढेच त्यांनी शोधले. आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे तो वरवर पाहता याहून फार निराळा आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नव्या आवृत्त्या आणि त्यांचा संग्रह हा तो विषय होय. तथापि प्रश्न तोच आहे: नक्कल मुळाशी इमान राखते की नाही?

प्रथम थोडा इतिहास. ध्वनी साठविण्याचे यंत्र एडिसनने 1877 साली सिद्ध केले आणि चपट्या तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरने 1887 साली पुढे आणला. हिंदुस्थानात 1902 साली फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचा आवाज त्याने मेणाच्या थाळीवर उतरविला. गाणे संपताच ती बाई इंग्रजीत आपले नाव पुकारी. आपणास ती हौस वाटेल. पण ती एक सोय होती. थाळ्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांस गायिका कोण हे त्या नावावरूनच कळे. पुढे 1908 साली कलकत्त्यातच सियालदा येथे कारखाना निघाला.

या तबकड्या लाखेच्या होत. लाख म्हणजे आपल्याच रानातील किड्यांनी फांद्यांवर सोडलेला चीक. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. 1925 पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गवयास कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणात रेघ कोरी. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीही लांबे. तबकडीवर मात्र तेच पद तीन मिनिटांत बसवावे लागे. कोणती तान ठेवावयाची, कोणती गाळावयाची, याचा विवेक करावा लागल्याने गाण्यास एक नवीच आटोपशीर घडण प्राप्त झाली.

आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातील एक लहान गाव. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुण्यामुंबईच्या नाटक मंडळ्या आमच्यासारख्या गावी कोठून येणार? परंतु चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, नाट्यगृह लागत नाही. बैलगाडीतून पेटी आली, चावी फिरविली, सुई टेकविली, की कोणत्याही वाड्याच्या ओसरीवर मैफल उभी राही. हा लाभ उलट दिशेनेही झाला. विदर्भातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता नागपूरच्या गजाननराव जोशी या वकिलाने गायिली, तिची तबकडी निघाली, आणि आडगावी बसून लिहिलेले शब्द 1930 नंतरच्या दशकात घरोघर पोहोचले. हेच जोशी पुढे ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि अनेक थोर गवयांचे गाणे त्यांनी मुद्रित करून ठेवले. गदगच्या भीमसेन जोशींना बालपणी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने वेड लाविले, ही हकीकत तर सर्वश्रुत आहे. कित्येकांना गुरू भेटला तो प्रथम तबकडीतून.

1948 साली अमेरिकेत मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची, व्हायनिलची लांब तबकडी निघाली. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या 1970 च्या सुमारापर्यंत टिकल्या आणि मग मागे पडल्या. मग जुने गाणे नव्या तबकडीवर उतरविण्याची प्रथा सुरू झाली. त्यानंतर कॅसेट आली, कॉम्पॅक्ट डिस्क आली, आणि आता संगणकातील ध्वनी आला. गेली काही वर्षे पाश्चात्य देशांत जाझ, ब्लूज आणि रॉक या संगीताच्या जुन्या तबकड्या भारी व्हायनिलवर, मूळ फितीपासून काळजीपूर्वक उतरवून, पुन्हा छापतात, आणि रसिक त्या मोठी किंमत देऊन घेतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ही आवृत्ती कशावरून उतरविली?’ आपल्या रसिकांनीही तो विचारावा, एवढेच माझे मागणे आहे.

कारण नक्कल करताना काय बिघडते ते पाहा. शाळेत फळ्यावरचा उतारा मुले वहीत उतरवून घेतात. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, म्हणून तो पुढच्याच्या वहीतून घेतो; पुढच्याची चूक त्याच्याकडे येते आणि वर त्याची स्वतःची एक पडते. ध्वनीचेही असेच आहे. पहिला दोष वेगाचा. जुन्या तबकड्यांस आपण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणतो. पण आरंभीच्या कित्येक तबकड्या त्याहून कमी किंवा अधिक वेगाने मुद्रित झाल्या. पंचाहत्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजविली, की वेग शेकडा 4 ने वाढतो आणि काळी एकचा षड्ज पांढरी दोनच्या दिशेने दोन-तृतीयांश वाट चालून जातो. लय चढते, आवाज कोवळा भासतो, आणि श्रोता समजतो की बुवांचा गळाच असा होता! दुसरा दोष खरखर काढण्याच्या अतिरेकाचा. सुईची खरखर ज्या उंच ध्वनींत असते, त्याच ध्वनींत तंबोऱ्याची जवारी आणि शब्दांतील ‘स’कार असतो. खरखर पार धुऊन काढली, की जवारीही धुतली जाते. मग गाणे स्वच्छ होते खरे, पण ते कांबळ्याआडून ऐकल्यासारखे वाटते. तिसरा दोष नोंदीचा. वेष्टनावर साल नाही, मूळ क्रमांक नाही, साथीदारांची नावे नाहीत. ग्रंथाचे मुखपृष्ठच फाडून टाकण्याचा हा प्रकार होय.

या तिन्ही दोषांवर उपाय एकच: मूळ तबकडी. तिच्या मध्यावरील कागदाशेजारी लाखेत कोरलेला एक बारीक क्रमांक असतो. त्यावरून मुद्रणाचा काळ आणि ठिकाण ताडता येते. म्हणून संग्राहकास मी छांदिष्ट म्हणत नाही, तो पोथ्या राखणारा आहे. 1990 साली मुंबईत अशा मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून गायकांच्या ध्वनिमुद्रिकांच्या सूची छापल्या. हे पाठशुद्धीचेच काम आहे.

एका संग्रहाचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविली आणि तीवर पृथ्वीवरील संगीताचे 27 नमुने कोरले. त्यांत हिंदुस्थानचा एकच: गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी छापणे बंद झालेली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन रस्त्यावर, एका हिंदी कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, मेजाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती अ‍ॅन ड्रुयन यांना सापडल्या. दुकानदार त्या विकावयास राजी नव्हते! पहिले यान 20 ऑगस्टला आणि दुसरे 5 सप्टेंबरला सुटले, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्या दोहोंपैकी एक यान आज पृथ्वीपासून 2,400 कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कोणीतरी खोके जपून ठेविले, म्हणून तो स्वर तेथे आहे.

असे खोके आपल्याही माळ्यावर असेल. ते भंगारवाल्यास देण्यापूर्वी एवढे करावे. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्या. त्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. लांब तबकडीची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत लावू नये. तीस वेगळी सुई लागते. एका वहीत गायकाचे नाव, पदाचे नाव आणि दोन्ही क्रमांक टिपून ठेवावे. आणि नवी आवृत्ती घ्यावयाची झाल्यास, ती कशावरून उतरविली हे दुकानदारास आवर्जून विचारावे. उत्तर मिळाले नाही तरी चालेल. पुष्कळांनी विचारले, म्हणजे छापणाऱ्यास ते वेष्टनावर लिहावेच लागेल.