रविवारची बावीस मैलांची वाट

रोमच्या ऑलिंपिक मैदानावर २ सप्टेंबर १९६० रोजी एक नवल घडले. पीटर स्नेल याने ८०० मीटरची शर्यत जिंकली आणि तासाभराच्या आत मरे हॅलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. आठ दिवसांनी बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. तिघेही न्यूझीलंडचे, त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांहूनही कमी होती. त्याहून विशेष हे की, तिघेही ऑकलंडमधील एकाच गुरूचे शिष्य होते.

हे गुरू म्हणजे आर्थर लिडियार्ड. व्यवसायाने ते पादत्राणांच्या कारखान्यातील कामगार. शारीरिक शिक्षणाची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९४५ च्या सुमारास एका मित्राने त्यांना आपल्याबरोबर पाच मैल धावण्यास नेले. तिशीही न गाठलेल्या लिडियार्ड यांची छाती धपापू लागली. आज ही अवस्था, तर आणखी वीस वर्षांनी आपले काय होईल, या विचाराने त्यांना गाठले. पुढील काही वर्षे त्यांनी स्वतःच्याच देहावर प्रयोग केले. कधी फार थोडे, कधी अतोनात धावून पाहिले. अखेर आठवड्याला सुमारे शंभर मैल हे प्रमाण त्यांना मानवले. १९५३ व १९५५ साली ते आपल्या देशाचे मॅरेथॉन विजेते ठरले.

या साधनेचा कळस म्हणजे रविवारची धाव. ओवाइराका या उपनगरातील तरुण लिडियार्ड यांच्यासह निघत आणि वाइटाकेरे डोंगररांगांतील वाइअटारुआ गावावरून बावीस मैलांचा फेरा पुरा करीत. त्या काळी थोडे अंतर वेगाने पुनःपुन्हा धावण्याच्या पद्धतीचा बोलबाला होता. लिडियार्ड यांचे म्हणणे निराळे होते : आधी दमसास वाढवावा, वेग मागाहून येतो. म्हणून मॅरेथॉनवाला मगी आणि दोन मिनिटांच्या आत शर्यत संपविणारा स्नेल एकाच डोंगरवाटेने धावत. रग्बी खेळताना डावा हात कायमचा अधू झालेला हॅलबर्गही त्यांत होता.

जाणत्यांना हा वेडेपणा वाटे. त्याचे उत्तर स्नेलने दिले. डिसेंबर १९६१ मध्ये तो चक्क मॅरेथॉन धावला, आणि २७ जानेवारी १९६२ रोजी वांगानुई येथे ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत मैल धावून त्याने जागतिक विक्रम केला. पुढे अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्राची डॉक्टरेट मिळवून त्याने या पद्धतीची मीमांसाही केली. दीर्घ धावेत मंद गतीच्या स्नायुतंतूंतील इंधन सरत जाते. मग एरवी स्वस्थ असणाऱ्या शीघ्र गतीच्या तंतूंनाही कामाला लागावे लागते.

परंतु शास्त्राने सांगितलेले हे कारण अर्धेच आहे, असे मला वाटते. एकटा निघालेला मनुष्य पहिला चढ लागताच परतण्याचा विचार करतो. सोबत असली म्हणजे लाज आणि माया दोन्ही त्याला पुढे ओढतात. लिडियार्ड स्वतः शिष्यांबरोबर धावत. ते केवळ घड्याळ घेऊन उभे राहणारे गुरू नव्हते.

हीच सोबत त्यांनी पुढे सामान्यांनाही दिली. १९६२ मध्ये ऑकलंडला मध्यमवयीन नागरिकांची हळू धावण्याची मंडळी जमली. दम न लागता बोलता येईल, इतकाच वेग ठेवावयाचा. अमेरिकेतील नामांकित मार्गदर्शक बिल बॉवरमन त्यांच्याबरोबर धावले आणि मागे पडले. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला, सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे राहिला! बॉवरमन यांनी हा छंद मायदेशी नेला आणि तेथून तो जगभर पसरला.

लिडियार्ड २००४ साली, स्नेल २०१९ साली आणि हॅलबर्ग २०२२ साली निवर्तले. त्यांची पदके इतिहासात नोंदली आहेतच. मात्र आपल्या मंडळाची पन्नास वर्षे मोजताना मला आठवतो तो मागे राहिलेला गृहस्थ. परप्रांतात नव्याने आलेल्या, रस्ते आणि भाषा न कळणाऱ्या कुटुंबासाठी आपली पावले आवरणारी अशी माणसे इथेही होती. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.