लंडनहून कलकत्त्याला मोटारीने

श्रोतेहो, आमच्या कॉलेजात खेड्यापाड्यांतून येणारी मुले पुष्कळ. एकदा आशियाचा नकाशा भिंतीवर टांगून मी शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या फाट्यावरून गाडी सुरू केली, तर थेट लंडनला जाता येईल का हो?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न वेडगळ नव्हताच. अशी माणसे गेली आहेत, आली आहेत, आणि एकदा तर बस भरून आली आहेत. त्या बसची हकीगत आज आपल्याला सांगतो.

साल 1957. एप्रिलची 15 तारीख. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून वीस उतारू घेऊन एक बस निघाली. पाटी होती कलकत्त्याची! बसचे नाव 'इंडियामॅन'. पूर्वी हिंदुस्थानच्या व्यापाराला येणाऱ्या मोठ्या गलबतांना हेच नाव असे. बसचे मालक गॅरो-फिशर नावाचे गृहस्थ. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण आणि पाकिस्तान असे देश ओलांडीत ही बस 5 जूनला कलकत्त्यास पोचली. म्हणजे एक्कावन्न दिवस झाले.

आता भाड्याचे पाहू. जाण्याचे 85 पौंड आणि परतीचे 65 पौंड. तेव्हाच्या दराने एका पौंडाला तेरा रुपयांहून थोडे अधिक पडत. हिशेब मांडा, जाऊन-येऊन बरोबर दोन हजार रुपये होतात. आपल्याकडे नवे पैसे सुरू होऊन तेव्हा अवघा पंधरवडा झाला होता. गावच्या मास्तरांचा कित्येक महिन्यांचा पगार एका तिकिटात गेला असता, हे खरे. पण दिवसांवर वाटून पाहिले, तर जाण्याचे भाडे रोजी बावीस रुपये पडते. सात देश ओलांडून आठव्या देशात उतरायचे, त्या मानाने हे महाग म्हणता येईल का?

आणि गंमत अशी, की ही बस स्वस्ताईत निघालेली नव्हती. 1956च्या जुलैत इजिप्तने सुवेझचा कालवा ताब्यात घेतला. ऑक्टोबरात लढाई जुंपली, कालवा बुडवलेल्या जहाजांनी बंद झाला. इराणी आखातातून येणारे तेल अडले. आफ्रिकेला वळसा घालायचा, तर मुंबई-लंडनचा सहा हजार सागरी मैलांचा प्रवास दहा हजारांच्या वर जातो. इंग्लंडमध्ये 1956च्या डिसेंबरात पेट्रोलचे रेशन सुरू झाले, ते 1957च्या मेमध्ये उठले. म्हणजे आपली बस निघाली, तेव्हा तिच्या गावी पेट्रोल चिठ्ठीवर मिळत होते! तरीही ती निघाली. अडचण नसेल तेव्हाच निघू, असे म्हणणारा माणूस कधीच निघत नाही.

पण मंडळी, अंथरूण पाहून पाय पसरावे, हेही तितकेच खरे. एवढ्या प्रवासाचा बेत करणारा नवखा माणूस आधी मैल मोजतो आणि मैलांवरून पेट्रोल काढतो. तिथेच तो फसतो. लांबच्या वाटेवर पेट्रोलाखेरीज आणखी दोन खर्च असतात. पहिला कागदांचा. प्रत्येक देशाचा व्हिसा हवा. शिवाय खुद्द गाडीलाही पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात. परदेशी गाडी आत आणून जकात न भरताच विकून टाकली तर काय, ही प्रत्येक सरकारची धास्ती. म्हणून गाडी परत बाहेर जाईल, अशी हमी या कागदाने आधीच द्यावी लागते. त्या हमीसाठी पैसा अडकून पडतो.

दुसरा खर्च वाट पाहण्याचा. हीच इंडियामॅन परतताना पाकिस्तान-इराणच्या सरहद्दीपाशी अडली. त्या वर्षी एशियन फ्लूची साथ पसरली होती आणि सरहद्द बंद झाली होती. बस 2 ऑगस्टला लंडनला पोचली, ठरल्यापेक्षा सोळा दिवस उशिरा. गाडी जागची हलत नाही, पण माणसांचे पोट थांबत नाही. बाजाराच्या दिवशी नदीला पूर आला आणि बैलगाडी अलीकडेच राहिली, तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

तरी पुढची वीस वर्षे हा रस्ता वाहता राहिला. 1960 नंतरच्या दशकात अफगाणिस्तानात पक्क्या सडका झाल्या. एक तुकडा रशियाने बांधला, एक अमेरिकेने. 1973च्या ऑक्टोबरात इस्तंबूलला बॉस्फरसवर पूल झाला, म्हणजे युरोपातून आशियात यायला नावेची गरज उरली नाही. पण योग पाहा! त्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटले. तेलाचे एक पिंप तीन डॉलरच्या आसपास होते, ते 1974च्या आरंभी अकरा डॉलरांच्या पुढे गेले. पूल झाला आणि पेट्रोल कडाडले.

मग महागाईने हा रस्ता बंद पाडला का? नाही. भाडी वाढली, पण गाड्या चालूच राहिल्या. माणूस महागाईतून वाट काढतो. दोन दिवस कमी जेवतो, गाडीतच झोपतो. रस्ता तुटला तो 1979 साली. त्या वर्षी इराणात क्रांती झाली, डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्या वर्षी इराण-इराक युद्ध सुरू झाले. सडका होत्या तिथेच होत्या. त्यांवरून निर्धास्त जाण्याची सोय मात्र गेली.

आपल्या मुंबईचीच एक गोष्ट सांगतो. 1923च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1928च्या मार्चमध्ये घरी परतले. पेट्रोलचा खर्च शून्य! ते पंजाब, बलुचिस्तान ओलांडून इराणात गेले. तेव्हा मुंबईपासून इराणच्या हद्दीपर्यंत मध्ये परक्या देशाची सीमा नव्हती. 1947नंतर ती आली. 1965 आणि 1971 साली तिच्यावर युद्धे झाली, आणि 2025च्या एप्रिलमध्ये भारताने अटारीचे नाके पुन्हा बंद केले. त्या तिघांच्या वाटेवर आज पेट्रोलपेक्षा सरहद्दच महाग पडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक करून पाहा. वर्गातल्या नकाशावर आपल्या गावापासून लंडनपर्यंत दोरा ताणा. दोरा जिथे सीमा ओलांडील, तिथे मुलांना तीन प्रश्न विचारा: इथे कागद कोणता लागेल? किती दिवस थांबावे लागेल? आणि या दोन शेजाऱ्यांचे आपसांत कसे आहे? भूगोल, गणित आणि इतिहास एकाच दोऱ्यात ओवले जातील.

त्या मुलाला मी सांगितले, "जाता येईल बाळ. पैसे साठव, कागद जमव, आणि वाटेवरचे शेजारी गुण्यागोविंदाने नांदोत, असे मनापासून म्हण. पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातातल्या आहेत. तिसरी आपणां सर्वांच्या मिळून."